मेंबरांच्या जेवणाचा खर्च

सोलापूर शहरात आजवर जेवढी नाकं जन्माला आली, त्यांत खरं नाक एकच होतं, आणि ते आमच्या मावशीच्या यजमानांच्या तोंडावर बसवलेलं होतं. बाकीच्यांची नाकं आपली चष्मा टेकवायला, नथ अडकवायला, नाहीतर दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला. काकांचं नाक, आम्ही त्यांना काकाच म्हणत असू, हे एक स्वतंत्र सरकारी खातं होतं. शुक्रवार पेठेत त्यांचं धान्याच्या अडतीचं दुकान. बैलगाडी दाराशी लागायची, आणि काका गादीवरून न हलता, लोडाला टेकून, डोळे मिटून सांगायचे, "ही करमाळ्याकडची शाळू ज्वारी. जेऊरच्या स्टेशनात एक पाऊस खाल्लाय हिनं. आणि पोतं शिवताना हमाल तंबाखू मळत होता." गाडीवान बिचारा गाडीखालीच दडायचा बाकी राहायचा. हमालाच्या तंबाखूत चुना जास्त पडला होता हेही काका सांगत, असं लोक म्हणतात. पण तेवढं मी स्वतः ऐकलेलं नाही, म्हणून उगाच छातीठोकपणे सांगत नाही.

नाकाच्या खाली तोंड होतं आणि तोंडाच्या खाली पोट, आणि या तिघांचा आपापसांत इतका सलोखा होता की मध्ये मेंदूला फारसं कुणी विचारत नसे. एका लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले काका तिसऱ्या पंगतीलाही त्याच पाटावर दिसले. मुलीच्या बापाला वाटलं, पाहुण्यांना बसल्या जागी झोप लागली. खांद्याला हात लावून हलवायला गेला, तर काका डोळे न उघडता म्हणाले, "मठ्ठा आन की." त्यानंतर पेठेत कुणाकडे कार्य निघालं की आचारी पहिला प्रश्न विचारायचा, "अडतवाले येणार का?" आणि हो म्हटलं की चुलाण एक हात जास्त रुंद खणायचा. घरी मावशी त्यांना ताटावरून उठवायची ती कन्नडात. आमच्या घरांत निम्मी बोली कन्नडच. "साकु!" म्हणजे पुरे, असा तिचा आवाज माजघरातून निघाला की समोरच्या घरातली माणसंसुद्धा जेवता जेवता हात आखडायची.

असा माणूस म्युनिसिपालिटीत शुक्रवार पेठेचा मेंबर होता. कसा निवडून आला म्हणाल, तर लोकांनी सरळ हिशेब केला: सगळेच मेंबर खातात, हा निदान सगळ्यांच्या देखत खातो.

त्या साली शहरात प्लेग आला. प्लेग काही सोलापूरला नवा नव्हता. जुन्या सासऱ्यासारखा अधूनमधून येऊन राहून जायचा. घरात उंदीर मरून पडला की माणसांनी भांडीकुंडी उचलायची, दाराला कुलूप घालायचं आणि शहराबाहेर माळावर झोपडी टाकायची, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. बघता बघता सारी पेठ माळावर आली. बांबूचे तट्टे, वर कडब्याचं छप्पर, आणि दोन झोपड्यांमध्ये गुपित राहणार नाही एवढंच अंतर. माझं नुकतंच लग्न झालेलं, आणि नशिबानं आमची झोपडी नेमकी काकांच्या झोपडीच्या वाऱ्यावर. माझी बायको चुलीपाशी बसली की पलीकडून आवाज यायचा, "सूनबाई, आमटीत हिंग विसरलीस गं!" बिचारी दचकून पळीच टाकायची. पुढं पुढं ती स्वयंपाकाला लागण्याआधी बाहेर येऊन वारा कुठला आहे ते बघायची, शिडाच्या जहाजावरचा तांडेल बघतो तसा.

पण माळावर सगळ्यांचंच असं हिंगावाचून अडलेलं नव्हतं. दुकानदारानं तराजू उचलून आणला, न्हाव्यानं धोकटी आणली, शिंप्यानं यंत्र डोक्यावर आणलं. विणकरांनी काय आणायचं? त्यांचा माग घरातल्या जमिनीत खड्डा खणून बसवलेला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसणार, तर तो खड्डा काय काखोटीला मारून आणायचा? पेठेतले ते सगळे तेलुगू बोलणारे विणकर हात मांडीवर ठेवून माळावर बसले. माग बंद म्हणजे मजुरी बंद, आणि मजुरी बंद म्हणजे आठवड्याच्या बाजाराला हात हलवत जायचं आणि हात हलवत यायचं.

तेव्हा म्युनिसिपालिटीनं ठरवलं की ज्यांचं काम बंद पडलंय अशा कुटुंबांना मदत द्यायची. कुणाला गरज आहे ते त्या त्या पेठेच्या मेंबरानं सांगायचं, आणि त्या माणसानं बाजाराच्या दिवशी माळावरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली येऊन, सगळ्यांसमोर हात पुढे करून पैसे न्यायचे. बाकीचे मेंबर दारोदार जाऊन विचारू लागले, "तुमची अडचण आहे का?" आता सोलापुरात असं विचारलं की काय होतं? ज्याला खरी अडचण तो म्हणतो, "छे छे, चाललंय की." आणि ज्याच्या घरी तुपाचे डबे, तो डोळ्यांना उपरणं लावतो. काका म्हणाले, "तोंडाला काय विचारता बे? तोंड खोटं बोलतंय. चूल बोलत नाही खोटं." आणि त्यांनी आपलं खातं कामाला लावलं.

संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला काका छत्री घेऊन निघत, आणि सोबतीला मी. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री हवीच. कारण ती टेकून उभं राहिलं की माणूस हुंगतोय असं वाटत नाही, विचार करतोय असं वाटतं. प्रत्येक झोपडीच्या मागं काका थबकायचे, भुवया वर जायच्या, नाकपुड्या कोंबडीच्या पंखांसारख्या उघडायच्या. "हितं तुरीची डाळ. चांगलं चाललंय, पुढं हो." "हितं नुसत्या कण्या, त्या बी पाण्यात पोहतायत. ध्यानात ठेव." "हितं काल वांगं होतं, आज राख हाय. म्हाताऱ्याला उद्या झाडाखाली बोलाव." तुम्हांला थाप वाटेल, पण त्या नाकानं निवडलेला एकही माणूस चुकीचा निघाला नाही.

एक कापडाचा व्यापारी मात्र काकांना फसवायला निघाला. पेठेतला चांगला गबर माणूस. त्याला कुणीतरी काकांची युक्ती सांगितली. झालं, त्यानं चूलच विझवली, बायकोला अंधारात बसवलं, आणि काका आले तसा कण्हत बाहेर आला. "काय सांगू मेंबरसाहेब, दोन दिवस चूल न्हाई पेटली की घरात." काका छत्रीवर टेकले. डोळे मिटले. मग अगदी मायेनं म्हणाले, "शेटजी, त्या गोधडीखालच्या पुरणपोळ्या आजच्या आज संपवा. तूप खवट व्हायला लागलंय." आसपासच्या झोपड्या अशा हसल्या की कडबा हलला. व्यापारी त्या दिवसापासून काकांचा दुष्मन झाला. ते पुढं भोवणार होतं.

माळाच्या अगदी टोकाला एका विणकराची झोपडी होती. तरणा माणूस, हाडापेरानं चिवट, आणि बायको बाळंतीण. पोरगी माळावरच झालेली. त्या झोपडीपाशी गेलं की काकांच्या चेहऱ्यावर देवळात गेल्यासारखे भाव यायचे. चारूची फोडणी! चारू म्हणजे या लोकांची चिंचेच्या पाण्याची पातळ आमटी. मोहरी तडतडलेली, लसूण लालसर झालेला, त्यावर कढीपत्ता पडल्याचा चर्र आवाज. काका म्हणायचे, "ह्या अख्ख्या माळावर खरा स्वयंपाक हितं होतोय बघ बे." विणकर दारात उभाच असायचा, ताठ. "जेवन झालं मेंबरसाब. मजेत हाय." काका मान डोलवायचे, मोठ्यानं फोडणीची वाहवा करायचे आणि पुढं जायचे. हे असं बरेच दिवस चाललं.

एके संध्याकाळी वारा साफ पडला होता. काका विणकराच्या झोपडीमागं नेहमीसारखे छत्रीवर टेकले, डोळे मिटले, आणि मग डोळे उघडलेच नाहीत. मी म्हटलं, "काका, चला की." ते हलेनात. आतून पोरगी रडत होती, बारीक, दमल्यासारखी.

"का बे," काका हळू म्हणाले, "भाकरी कुठाय?"

"कसली भाकरी?"

"तवा. तापलेल्या तव्याचा वास. पीठ करपल्याचा वास. भात शिजल्याची पेज. काहीच नाही. आज नाही, काल बी नव्हतं. मी रोज फोडणीच हुंगतोय की रे! चिंचेच्या पाण्याला फोडणी देतीय ती बाई. चार थेंब तेलाची. शेजारच्यांनी म्हणावं, ह्यांच्यात जेवण झालं. ओली बाळंतीण चिंचेचं पाणी पितीय, आणि मी मेंबर, रोज दारात उभा राहून फोडणीची तारीफ करतोय."

आणि त्यांनी आपल्या त्या जगप्रसिद्ध नाकावर एक चापट मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी विणकराला गाठलं. "उद्या बाजार. झाडाखाली ये."

"कशाला मेंबरसाब?"

"सगळे येतायत. तुझा बी माग बंद हाय. म्युनिसिपालिटी देतीय, मी देत नाही."

"ज्यांना लागतंय त्यांना द्या की. आमच्या घरात रोज फोडनी होती. साऱ्या माळाला इचारा. तुमी सोता लई चांगली म्हनलाव न्हवं?"

काकांचीच साक्ष काकांच्या अंगावर आली. तेवढ्यात झोपडीतून त्याची बायको डोकावली, चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि आम्हांला बघून घाईनं हसली. काका मागं फिरले. त्या रात्री मावशीनं "साकु" म्हणायच्या आधीच ते ताटावरून उठले, आणि मावशीनं घाबरून आधी त्यांच्या काखेत गाठ आलीय का ते चाचपून बघितलं.

पुढच्या सभेला काका असे आले की पोट आधी आणि काका मागनं. उभे राहून त्यांनी ठराव मांडला: म्युनिसिपालिटीनं माळावर उघडलेल्या स्वस्त दुकानातलं धान्य चांगलं आहे की वाईट, हे पोत्यात हात घालून कळत नाही, ते शिजवून, जेवून बघावं लागतं. तेव्हा मी स्वतः गोरगरिबांच्या झोपड्यांत जेवून तपासणी करणार. मात्र मेंबराच्या जेवणाचा खर्च घरवाल्यांवर पडू नये, म्हणून तो म्युनिसिपालिटीनं त्या घरी आगाऊ पोचता करावा.

"किती धरायचा खर्च?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या एका जेवणाला? पाच माणसांचं कुटुंब आठवडाभर जेवंल एवढा धरा," काका गंभीरपणे म्हणाले, "आणि थोडं तूप."

सभागृह हसून हसून बाकाखाली गेलं. दुसऱ्या कुणी असला ठराव मांडला असता तर लोकांना शंका आली असती, यात काय काळंबेरं आहे म्हणून. काकांनी मांडल्यावर कुणालाच आली नाही. साऱ्या सोलापूरला वाटलं, शेवटी बेट्यानं जेवायचा रस्ता काढला! ठराव मंजूर झाला.

मग काय विचारता! म्युनिसिपालिटीचा पट्टेवाला आदल्या दिवशी जाऊन विणकराला सांगून आला, "उद्या मेंबर तुझ्या घरी जेवायला येणार. हा त्यांच्या जेवणाचा खर्च. कमी पडू देऊ नको, माणूस भयंकर आहे." विणकराची छाती वीतभर फुगली. मेंबर आपल्या दारी जेवतोय, यात मागणं कुठं आलं? हा तर मान! त्याच्या बायकोनं झोपडी सारवली, ज्वारी आणली, डाळ आणली. दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर गेलो. पानं मांडली होती. चारू होता, पण आता त्याच्या शेजारी भाकऱ्यांची चवड होती, तुरीचं घट्ट वरण होतं, तुपाची वाटी होती. विणकराची बायको पदर सावरत म्हणाली, "तिनंडी, तिनंडी!" खा, खा. आणि काकांनी, ज्यांनी तीन पंगती एका पाटावर काढल्या त्या काकांनी, दोन घास खाल्ले आणि पोटावर हात ठेवून कळवळले.

"काय झालं मेंबरसाब?"

"पित्त रे. लई दिवसांचं. धान्य फस्टक्लास हाय, तपासणी झाली. आता हे सगळं तुम्हीच संपवा. माघारी पाठवायचा नियम नाही."

हीच तपासणी मग अशा एकेका झोपडीत सुरू झाली, जिथं फोडणी होती पण तवा नव्हता. दर आठवड्याला फेरी. सगळीकडे दोन घास, सगळीकडे पित्त. कुणाच्या हातचं खावं आणि कुणाच्या नाही, याचीही त्या काळी भारी बंधनं. मावशीनं तो विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "गळ्यातल्या लिंगाला नैवेद्य दाखवून खातो की. तो देव काही बोलला नाही, तू कशाला बोलतीस?" आणि घरी येऊन तिच्यापुढं असे जेवायला बसायचे की ती हात टेकायची. "अहो, मग तिकडं जाऊन काय करता?" काका घास गिळत म्हणायचे, "हुंगतो."

प्लेग ओसरला. लोक शहरात परतले, दारं उघडली, माग पुन्हा खडखडू लागले. विणकराची पोरगी बाळसं धरून आईच्या कडेवर घरी आली. आणि पाठोपाठ निवडणूक आली. काकांच्या विरुद्ध उभा कोण? तोच गोधडीखालच्या पुरणपोळ्यांचा शेट. त्याला काही सांगायचीसुद्धा गरज पडली नाही. तो नुसता पेठेतून हिंडे आणि विचारी, "प्लेगात माणसं मरत हुती, तवा तुमचा मेंबर काय करत हुता?" आणि त्याच्यामागची दहा-वीस माणसं एकसुरात ढेकर देत. काकांच्या दुकानापुढं तर अशा ढेकरांची फैर झडायची की समोरच्या खांबाला बांधलेला टांग्याचा घोडा उधळायचा. गरिबांच्या मदतीवर जेवणारा मेंबर, असं काकांचं नाव पडलं.

मला सहन होईना. म्हटलं, "काका, सांगून टाका की खरं. मी सांगतो, मी होतो बरोबर."

त्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. "काय सांगणार? त्यांना मदत दिली म्हणून? अरे, त्या बाईनं मला बोलावून जेवू घातलंय. साऱ्या गल्लीला सांगितलंय तिनं, मेंबर आमच्यात जेवले. तू आता जाऊन सांगणार, मेंबर जेवले नाहीत, तुम्हीच फुकटचं खाल्लंत म्हणून? गप बस बे. चार ढेकरांनी मला काय होतंय?"

काका पडले. चांगले सणसणीत पडले. त्या काळी मताचा हक्क घरपट्टी भरणाऱ्यांना. ज्यांच्या घरी काका जेवले त्यांना मत नव्हतं, आणि ज्यांना मत होतं त्यांच्या घरी ते जेवले नव्हते. निकालाच्या दिवशी काकांनी दुकान उघडलं, लोडाला टेकले, आणि कुणी आत येईल म्हणून दिवसभर दाराकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. गाड्यासुद्धा दुसऱ्या अडतीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी विणकर आला. दाराशी घुटमळला, मग म्हणाला, "उद्या दुपारी जेवायला यायचं."

काका कसनुसं हसले. "अरे, आता मी मेंबर नाही. खर्च कोण देणार?"

"कोन देनार म्हंजे? माग चालू हाय की माजा." मग तो जरा थांबला, आणि खाली बघत बोलला, "बायको म्हनती, मेंबराला लई येळा वाढलं, मेंबर काय जेवला न्हाई. आता मेंबर न्हाई ऱ्हायला, तर मानूस तरी जेवंल."

त्याला किती कळलं होतं, आणि कधीपासून, हे मी विचारलं नाही. काकांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त उपरणं नाकाला लावलं आणि मिरचीच्या पोत्याला शिव्या दिल्या. दुकानात मिरचीचं पोतं नव्हतं.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक तीन पंगतींची गोष्ट सांगतात, ढेकरांची सांगतात, आणि मीही त्यात पदरचं दोन शेर घालतो. पण एकटा असलो की मला दिसते ती विणकराच्या घरातली दुपार. घर बुटकं, मध्ये खड्ड्यातला माग, मागावर अर्धं विणलेलं हिरवं लुगडं, आणि त्याच्या शेजारी पाटावर काका. जेवले हो! असे जेवले की विणकराच्या बायकोला दुसऱ्यांदा पीठ मळायला बसावं लागलं, आणि ती हसत हसत भाकऱ्या थापत होती. इतक्यात ती माळावर झालेली पोरगी रांगत रांगत आली, काकांच्या मांडीला धरून उभी राहिली आणि खुशाल त्यांच्या ताटात हात घालून भाकरीचा तुकडा उचलून चोखू लागली. आई ओरडली, बाप धावला. काकांनी डाव्या हातानं दोघांना थांबवलं. उजवा हात ताटातून हळूच मागं घेतला, ताट तिच्याकडं थोडं सरकवलं, आणि ती दुसरा तुकडा कुठला उचलते ते बघत बसले. वरण निवत चाललं, तरी ते बघतच बसले.